१३७ किलोहर्ट्‌झवर मॉसफेट तापतात

प्रश्न : १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्‌झच्या हौशी रेडिओ पट्ट्यासाठी मी दोन मॉसफेटचा (स्विचसारखे चालणारे ट्रान्झिस्टर) पुश-पुल (दोघे आळीपाळीने चालणारा), क्लास-डी (चालू-बंद पद्धतीचा) ॲम्प्लिफायर बांधला आहे. १०० वॉट आउटपुटसाठी पुरवठ्यातून १६० वॉट जातात आणि हीटसिंकला बोट लावता येत नाही. चूक कुठे असावी?

उत्तर १ : प्रथम गेटवरील (मॉसफेटच्या नियंत्रक टोकावरील) तरंग ऑसिलोस्कोपवर पाहावा. गेट म्हणजे एक कपॅसिटरच. तो लॉजिक चिपने थेट चालवल्यास व्होल्टेज रेंगाळत चढते, आणि मॉसफेट धड चालू नाही, धड बंद नाही अशा अवस्थेत जितका काळ राहतो, तितकी उष्णता त्याच्यातच जिरते. काही अँपिअर देणारा गेट ड्रायव्हर गेटला अगदी लगटून बसवावा.

उत्तर २ : माझा संशय आउटपुटच्या फिल्टरवर आहे. व्होल्टेज-स्विचिंग रचनेत (मॉसफेट जिथे चौकोनी व्होल्टेज देतात) चौकोनी लहरीला आधी इंडक्टर भेटला पाहिजे. कपॅसिटर पहिला असल्यास ४११ किलोहर्ट्‌झचा तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेची तिप्पट) त्यातून विनाकारण प्रवाह खेचतो.

प्रश्नकर्ता : कपॅसिटरच पहिला होता! टी-रचनेचा (इंडक्टर पहिला असलेला) फिल्टर लावल्यावर खर्च ११५ वॉटवर आला. ड्रेनवर (मॉसफेटच्या आउटपुट टोकावर) मात्र प्रत्येक कडेला एक सुईसारखे टोक दिसते.

उत्तर २ : ते टोक ट्रान्सफॉर्मरच्या लीकेज इंडक्टन्समुळे, म्हणजे गुंडाळ्या एकमेकींशी पूर्ण न जुळल्याने उरणाऱ्या इंडक्टन्समुळे. प्रायमरीच्या (मॉसफेटकडील गुंडाळीच्या) दोन्ही अर्ध्या भागांच्या तारा एकत्र पिळून गुंडाळाव्यात. स्नबर (टोक दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) नंतर लावावा, कारण तो तीच ऊर्जा रेझिस्टरमध्ये जाळतो.