पांढऱ्या सायकली

‘असल्या पोरांनी नुसता धुडगूस घातला, व्यवस्थेचं काय वाकडं केलं?’ असं बंडखोर तरुणांबद्दल कुणीतरी विचारलंय. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका हो. ॲमस्टरडॅमचे प्रोव्हो आठवा, म्हणजे व्यवस्थेची खोड काढणाऱ्या तरुणांची तिथली चळवळ. १९६५ साली या पोरांनी काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेवून दिल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झालं की तिथेच सोडावी. पोलिसांनी त्या जप्त केल्या. कारण काय, तर बिनकुलपाची सायकल ठेवणं बेकायदा! मग पठ्ठ्यांनी आकड्यांची कुलपं लावली आणि ते आकडे सायकलवरच रंगवून टाकले. मला तर हे दगडफेकीपेक्षा जास्त झोंबणारं वाटतं. हसणाऱ्या माणसावर लाठी उगारली की लाठीचंच हसं होतं.

पुढच्या वर्षी नेदरलँड्सच्या राजकन्येच्या लग्नाच्या मिरवणुकीत धुराचे बॉम्ब फुटले, तेही यांचेच. त्याच वर्षी नगरपालिकेत यांची एक जागाही आली. १९६७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या महापौरांना पद सोडावं लागलं आणि जवळपास तेव्हाच प्रोव्होंनी आपला गाशा स्वतःहून गुंडाळला. आपल्याकडे संघटना बंद करायचं कुणाच्या मनातही येत नाही, फुटतात फक्त.