मदत हवी आहे: गुहागरला गुडघाभर पाण्यात आईची अंगठी हरवली

नमस्कार मंडळी. रविवारी गुहागरच्या किनाऱ्यावर लाटेसरशी आईच्या बोटातली अंगठी निसटली. 22 कॅरेटची, बाबांनी लग्नात घातलेली. बाबा आता नाहीत. आई काही बोलत नाही, नुसती रिकामं बोट चोळत बसते, बघवत नाही.

जागा ठाऊक आहे, समोरच्या सुरूच्या झाडाची खूण धरून ठेवलीय. भावाने मेटल डिटेक्टर आणला, पण कोरड्या वाळूत नीट चालणारं ते यंत्र ओल्या वाळूत उगाचच सतत वाजत राहतं. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते, त्यात आपल्याकडच्या काळ्या वाळूत लोहखनिज. त्यामुळे भावाच्या यंत्रासारखं एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र गोंधळतं. पल्स इंडक्शनचं (विजेचे छोटे झटके सोडून धातू शोधणारं) किंवा मल्टी-फ्रिक्वेन्सी यंत्र हवं, कॉइल, म्हणजे वाळूवर फिरवायची तबकडी, पाण्यात बुडवता येणारी. चिपळूण-रत्नागिरीकडे कोणाकडे आहे का? भाडं देऊ, मालक सोबत आले तर फारच बरं.

सोनं वाळूच्या कणांपेक्षा सहापटीहून जड, लाटांनी आणखी खाली रुतत जाणार. येत्या अमावास्येच्या उधाणात ओहोटी खूप मागे हटेल, तेव्हा ती जागा उघडी पडावी. त्याआधी कळवा. आणि वाळू चाळायला जाळी किती बारीक घेऊ?