मदत हवी आहे: हजरत अलींनी आपले सेनापती मालिक अश्तरला लिहिलेल्या पत्राचा जुना पाठ
अरबी गद्यावर हजरत अलींची छाप, या विषयावर लिहितोय. गाडी 'नहजुल बलागा'पाशी, म्हणजे अलींच्या नावावरच्या प्रवचनं-पत्रांच्या संग्रहापाशी, अडलीय. अली गेले 661 मध्ये. शरीफ रझींनी बगदादमध्ये त्यांचे खुतबे (प्रवचनं), पत्रं, वचनं या संग्रहात एकत्र केली ती 1010 च्या आसपास, आणि बहुतेक ठिकाणी कोणी कोणाकडून ऐकलं ती साखळी दिलेलीच नाही. जिहादवरचा खुतबा अरबी लेखक जाहिझच्या 'अल-बयान वत-तबयीन'मध्ये आधीच सापडतो, म्हणजे नवव्या शतकात. छान, पण तो एकच झाला. 'नहजुल बलागा'वरचं इब्न अबिल हदीदचं भाष्य चाळलं, तेही तेराव्या शतकातलं. अरबी अडखळत वाचतो; उर्दू किंवा इंग्रजी अनुवाद असेल तर उत्तम. शिया-सुन्नी वाद कृपया नको. मिस्रच्या (इजिप्तच्या) कारभारासाठी मालिक अश्तरला लिहिलेल्या पत्राचा रझींपूर्वीचा पाठ नेमका कोणत्या ग्रंथात मिळेल?