मदत हवी आहे : अंगठा दुखणाऱ्या हातासाठी गॅलेक्सी एस२५ की आयफोन १६?

आईसाठी फोन घ्यायचा आहे. तिच्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, म्हणून ती फोन डाव्या हातात धरते. हात लहान आहे. सध्याचा फोन कव्हरसकट 230 ग्रॅम भरतो (स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजला). मागे रिंग लावून पाहिली, एकहाती मोडही चालू केला. पण मनगटावरचा भार काही कमी होत नाही.

कॅमेरा, बॅटरी, गेम यांची तुलना नको. अँड्रॉइड की आयफोन, यालाही तिची हरकत नाही. प्रश्न फक्त हातात धरण्याचा आहे.

कागदावर एस२५ 162 ग्रॅम आणि 70.5 मिमी रुंद, तर आयफोन 16 170 ग्रॅम आणि 71.6 मिमी. दोन्हींच्या कडा सपाट. दुकानात दोन्ही हाताळले, पण तिथले फोन मागून केबलने बांधलेले असतात, त्यामुळे वजनाचा अंदाजच येत नाही. शिवाय कव्हर नसतं, आणि आई कव्हरशिवाय वापरणार नाही.

मला जास्त काळजी बटणांची वाटते. आयफोनमध्ये आवाजाची बटणं डावीकडे आणि पॉवर उजवीकडे, म्हणजे पकडताना दोन्ही बाजू दाबल्या जाऊन नको तेव्हा स्क्रीनशॉट निघतो. सॅमसंगमध्ये सगळी बटणं उजवीकडे, म्हणजे डाव्या हाताच्या बोटांखाली.

यांपैकी एखादा फोन कव्हर घालून, डाव्या हाताने निदान दोन-तीन महिने वापरलेलं कुणी आहे का? सपाट कडा तळहाताला रुततात का, आणि बटणं चुकून कोणत्या फोनमध्ये जास्त दाबली जातात?