मोटार शर्यतींमध्ये मार्शल म्हणून स्वयंसेवा करायची आहे. सोलापुरातून सुरुवात कशी करावी?

अक्कलकोट_रोड

नमस्कार. मी सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. दूरचित्रवाणीवर शर्यत पाहताना माझे लक्ष गाड्यांपेक्षा कडेला नारिंगी कपड्यांत झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसांकडेच, म्हणजे मार्शलांकडेच, अधिक जाते. सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत दोर धरून गर्दी आवरण्याचे काम मी सहा वर्षे केले आहे. अनुभव म्हणावा तर तेवढाच. यंत्रांचे शिक्षण नाही आणि वेगाने गाडी चालवण्याची हौसही नाही. अशा माणसाला मार्शल होता येते का, आणि त्यासाठी कोणाकडे विचारणा करावी?

तिसरे_वळण

होता येते. गाडी चालवण्याचे कौशल्य या कामाला लागत नाही. माझे मत विचाराल तर गाड्यांचे वेड थोडे कमी असलेलेच बरे, कारण गाडीकडे टक लावून पाहणाऱ्याला हातातल्या झेंड्याचा विसर पडतो. आपल्याकडील अधिकृत शर्यती 'फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया'च्या मान्यतेने होतात, परंतु मार्शल जमवण्याचे काम त्या त्या स्पर्धेचा संयोजक क्लब करतो, म्हणून विचारणा क्लबकडेच करावी. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबकडे आहे आणि सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर असल्याने तिकडे थेट गाडी मिळते. जवळपास पाहायचे तर कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि पुण्यात सुपरक्रॉसच्या (मातीच्या उंचवट्यांवरील मोटारसायकल शर्यतीच्या) व नाशिकला रॅलीच्या राष्ट्रीय फेऱ्या झालेल्या आहेत.

ट्रॅकवरच्या पोस्टवर, म्हणजे मार्शलांच्या ठरलेल्या जागी, सहसा दोन झेंडेवाले असतात. एकाचे तोंड येणाऱ्या गाड्यांकडे असते आणि त्याच्या हातात निळा झेंडा असतो. मागून वेगवान गाडी येत आहे, हे तो चालकाला सांगतो. दुसरा धोक्याचा पिवळा झेंडा घेऊन पुढच्या पोस्टच्या दिशेने पाहतो, म्हणजे प्रत्येकाची पाठ दुसरा सांभाळतो. पिवळा झेंडा पोस्टने स्वतःच्या निर्णयाने दाखवायचा असतो. शर्यत थांबवणारा लाल झेंडा मात्र नियंत्रण कक्षाचा आदेश आल्याशिवाय कोणीही उचलायचा नाही.

नवख्याला सर्वांत जड जाते ते न धावणे. माझ्या पहिल्याच शर्यतीत समोर एक गाडी गिरकी घेऊन खडीत रुतली आणि मी मदतीला निघालो, तोच पोस्ट चीफने माझा कमरपट्टा मागून धरला. पुढच्या चार-पाच सेकंदांत दुसरी गाडी त्याच जागेवरून घसरत गेली. तेव्हा मी रागावलो होतो, हे कबूल करतो. 2014 मध्ये जपानमधील सुझुका येथे रुतलेली गाडी उचलणाऱ्या वाहनावर फॉर्म्युला वन चालक ज्युल्स बियांची यांची गाडी आदळली, तेव्हा त्या वळणावर दोन पिवळे झेंडे फडकत होते. त्यानंतर 2015 पासून फॉर्म्युला वनमध्ये सर्वच गाड्यांचा वेग एकदम उतरवणारी 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' ही पद्धत आली. झेंडा दिसला म्हणजे चालक थांबलाच, असे मार्शलने कधीही गृहीत धरू नये.

हिशेबी

उत्साहावर पाणी टाकत नाही, पण दोन गोष्टी आधीच कळलेल्या बऱ्या. या कामाला पगार नसतो. जेवण आणि कधी राहण्याची सोय होते, प्रवासखर्चाचे मात्र प्रत्येक क्लबला आधीच विचारून घ्यावे. दुसरे म्हणजे शर्यत पाहायला मिळत नाही. दिवसभर उन्हात एकच वळण दिसते आणि जिंकले कोण, ते संध्याकाळी दुसऱ्याकडून कळते.

घाटवाट

मी रॅलीत काम करतो, म्हणून तिकडची बाजू सांगतो. रॅलीत गाड्या एकत्र सुटत नाहीत. बंद केलेल्या रस्त्यावर ठरावीक अंतराने एकेक सोडली जाते. टाइम कंट्रोलवरचा, म्हणजे वेळ तपासण्याच्या थांब्यावरचा, मार्शल प्रत्येक गाडीच्या कार्डावर वेळ नोंदवतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार उशिरा येणाऱ्याला मिनिटामागे 10 सेकंदांचा दंड असतो, तर लवकर येणाऱ्याला मिनिटामागे पूर्ण एका मिनिटाचा, त्यामुळे खिडकीतून कार्ड पुढे करणारा सहचालक घड्याळावरून वाद घालणार, हे धरून चालावे.

परंतु आपल्याकडे खरी कसोटी असते ती माणसांची आणि जनावरांची. बैलगाडा शर्यतीत धावपट्टीच्या अगदी काठावर उभे राहण्याची सवय असलेले प्रेक्षक रॅलीतही तसेच उभे राहतात, आणि एक गाडी गेली की रस्ता मोकळा झाला असे समजून पलीकडे निघतात. नंदीध्वजांपुढे दोर धरलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही, म्हणून आपण रॅलीपासून सुरुवात करावी असे मला वाटते. जनावरांचे म्हणाल तर 2011 मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर, भारतातील पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या सरावातच कुत्रे ट्रॅकवर आले आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला. तिथे तर कुंपण होते, आमच्या रस्त्याला तेही नसते.

अक्कलकोट_रोड

सर्वांचे मनापासून आभार. नाशिक आणि पुणे, दोन्हीकडच्या क्लबांना आजच लिहितो. कपड्यांबद्दल विचारायचे राहिले. आमच्याकडे टेरीकॉट भरपूर असते. त्याचा ओव्हरऑल शिवून घेतला तर चालेल का?

तिसरे_वळण

टेरीकॉट अजिबात नको. त्यातले पॉलिएस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. पूर्ण सुती कापड घ्यावे, बाह्या मनगटापर्यंत असाव्यात. सूतही पेट घेते, म्हणून आगीच्या पथकात जाणाऱ्यांना ज्वालारोधक प्रक्रिया केलेले कापड लागते. क्लबने नारिंगी ओव्हरऑल दिला तर प्रश्नच नाही, पण आतला सदरा लाल किंवा पिवळा नको, कारण लांबून तो चालकाला झेंडा वाटू शकतो. आपण कटिंग मास्तर आहात म्हणून एवढे अधिक सांगतो: कापड सुती घेऊन शिलाईला पॉलिएस्टरचा दोरा वापरला, तर आगीत आधी शिवणी उसवतील.

अक्कलकोट_रोड

दोऱ्याचे खरोखरच लक्षात आले नव्हते. आमच्या कारखान्यात सुती दोरा मागवून ठेवावा लागेल, कारण गणवेशांना तो कोणी वापरत नाही.