मदत हवी आहे: खारपाणपट्ट्यातला पुदिना कडेकडेनं जळतोय

नमस्कार मंडळी,

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे बोअरचं पाणी खारट. हिवाळ्यात सांबार (कोथिंबीर), मेथी परसात निघते, पण पुदिन्यासाठी आठवडी बाजाराची वाट पाहावी लागते, आणि घरी येईस्तोवर जुडी मान टाकते. उन्हाळ्यात सासूबाईंना जेवण जात नाही, पुदिना घातलेलं ताक तेवढं आवडीनं घेतात. म्हणून बाजारच्या जुडीतल्याच जाड काड्या पाण्यात ठेवल्या, मुळ्या फुटल्यावर कुंडीत लावल्या.

लागला छान. आडवे धुमारे सुटून कुंडीच्या काठावरून खाली आले. पण मार्च सरता सरता खालची जून पानं बिघडायला लागली. आधी टोक तपकिरी होतं, मग कड, मधला भाग हिरवाच राहतो. बोटानं दाबलं की कड पापडासारखी मोडते. पानं उलटून पाहिली, किडा नाही, जाळं नाही. मातीवर मात्र पांढरा थर आलाय, कुंडीच्या बाहेरूनही.

कुंडी पूर्वेच्या ओट्यावर आहे, दहानंतर ऊन नसतं. माती शेतातली काळी, थोडं शेणखत. पाणी बोअरचं, रोज तांब्याभर. नळाचं गोडं पाणी रोज येत नाही, ते पिण्या-स्वयंपाकालाच पुरवून वापरावं लागतं.

हे उन्हानं होतंय की पाण्यानं? कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी घातलं तर चालेल का? शेतात खारी जमीन सुधारायला जिप्सम टाकतात तसं कुंडीत टाकू का? घरचे म्हणतात, आपल्या पाण्यावर पुदिना येतच नाही, नाद सोड. मला सोडायचा नाही. खाऱ्या पाण्याच्या गावात कोणी जगवला असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद:

ताई, हे पाण्याचंच आहे. उन्हाचा चट्टा पानावर कुठंही पडतो. जून पानं टोकापासून कडेकडेनं जळत आली आणि मातीवर पांढरं फुललं, की क्षार साचलेत असं समजा. रोज तांब्याभर पाणी दिलं की पाणी उडून जातं अन् मीठ मातीतच राहतं.

कूलरचं पाणी अजिबात नको. त्यातलं पाणी दिवसभर उडत असतं, त्यामुळे टाकीत उरतं ते बोअरच्या पाण्याहून खारट. आरओ मशीन जे पाणी वाया म्हणून बाहेर सोडतं, तेही तसंच. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं नळाचं पाणी मात्र सोन्यासारखं जपा. मीठ नसलेलं ते पाणी पुदिन्याला पुरतं.

जिप्सम शेतासाठी ठीक, एका कुंडीसाठी माती बदललेली बरी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, खाली सोडत नाही, म्हणून क्षार धुऊन जातच नाहीत. एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग गोड्या पाण्यात धुतलेली रेती घ्या. पुदिन्याची मुळं खोल जात नाहीत, तेव्हा उंच कुंडीपेक्षा पसरट घमेलं चांगलं. बुडाला चार-पाच भोकं हवीतच, खाली ताटली ठेवू नका. जुन्या झाडाच्या शेंड्यांच्या चार-पाच इंचांच्या काड्या घ्या, खालची पानं काढा आणि गोड्या पाण्यात ठेवा. मुळ्या आल्या की लावा.

वर सोयाबीनचं कुटार (भुसा) दोन बोटं पसरा. माती कमी सुकते, क्षार वर ओढले जात नाहीत. कधी बोअरचं पाणी देणं भागच पडलं तर थोडं थोडं देऊ नका, भोकांतून बाहेर वाहीपर्यंत एकदाच द्या. मेमध्ये सकाळचं ऊनही नऊनंतर नको, हिरवी जाळी बांधा.

ताई (धागाकर्ती):

खूप आभार दादा. डाळ-तांदळाचं पाणी आजपर्यंत म्हशीच्या बादलीत जात होतं, आता वाटून घेऊ. पावसाळ्यात कुंडी आत घेऊ की बाहेरच राहू देऊ?

प्रतिसाद:

बाहेरच राहू द्या. पावसाचं पाणी वरून पडून भोकांतून गेलं की उरलेले क्षार आपोआप धुतले जातात. फक्त झड लागली की पाणी तुंबत नाही ना ते पाहा, आणि पत्र्यावरून पडणारं पाणी ड्रममध्ये झाकून साठवा. हिवाळ्यात तेच पुदिन्याला घालता येईल.