मदत हवी आहे: जुनाट कंबरदुखीत मोबिलायझेशन आणि मसल एनर्जी यांची तुलना कशी करावी?

बारा आठवड्यांहून जुनी, पायात न उतरणारी कंबरदुखी असलेल्या रुग्णांचे दोन गट करायचे आहेत. पहिल्या गटाला मेटलँड पद्धतीचं मोबिलायझेशन, म्हणजे सांधा हाताने लयीत हलवणं: रुग्ण पालथा, तळहाताची कड दुखऱ्या मणक्यावर, तिसऱ्या ग्रेडचे (हालचालीच्या मर्यादेपर्यंत जाणारे मोठे) झोके, 60 सेकंदांच्या तीन फेऱ्या. दुसऱ्याला मसल एनर्जी, म्हणजे रुग्णाने थेरपिस्टच्या हाताविरुद्ध स्नायू आवळणं: साधारण 20 टक्के जोर, 5 ते 7 सेकंद धरणं, मग सैल सोडून नवीन मर्यादेपर्यंत नेणं, असं चार वेळा.

अडतंय ते 'डोस'पाशी, म्हणजे दोन्ही गटांना उपचार सारख्याच प्रमाणात देण्यापाशी. मसल एनर्जीत रुग्ण स्वतः स्नायू आवळतो, म्हणजे थोडा व्यायामही होतोच. मग फरक दिसला तर तो हाताचा की व्यायामाचा? दोन्ही गटांना घरी सारखाच व्यायाम दिला तरी हा गुंता पूर्ण सुटत नाही. फक्त वेळ सारखा ठेवणं मला अपुरं वाटतं.

दुसरं, मोजमाप. उपचारानंतर लगेच वेदना उतरते, पण ते फसवं असतं. ऑस्वेस्ट्री प्रश्नावली (कंबरदुखीमुळे रोजच्या कामांत किती अडचण येते ते मोजणारी) सुरुवातीला, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात भरून घ्यावी असा विचार आहे. 10 गुणांहून कमी फरकाला सुधारणा म्हणणार नाही. एवढं पुरेल का?

ठिसूळ हाडं, कर्करोगाचा इतिहास, जांघेतला बधिरपणा किंवा लघवी अडणं असलेले रुग्ण आधीच वगळले आहेत. त्यांना वेगळी तपासणी लागते, शेवटच्या दोन लक्षणांत तर तातडीने.

दोन्ही तंत्रं रोज वापरणाऱ्यांनी कृपया सांगा: डोस कसा जुळवता?